स्टॅबिलायझेशनवाल्या लेन्ससाठी जास्तीचे पैसे मोजावेत का?

लेन्स घ्यायची म्हटली की हा प्रश्न हमखास येतो, आणि लोकांना हो किंवा नाही असं सरळ उत्तर हवं असतं. माझं उत्तर असं की आधी सांगा, तुमच्या फोटोत हलतं काय, तुमचा हात की समोरचा माणूस?

स्टॅबिलायझेशनला कॅनन आयएस म्हणतं, निकॉन व्हीआर, टॅमरॉन व्हीसी, काम सगळ्यांचं एकच. लेन्सच्या आत छोटे जायरो सेन्सर असतात, हात हलला की त्यांना कळतं आणि काचांचा एक गट उलट बाजूला सरकून चित्र जागेवर धरून ठेवतो. बस्स एवढंच. समोरचं पोरगं पळतंय त्याच्याशी या काचेला काही घेणंदेणं नाही.

आता हिशोब. हातात धरून काढायचं तर फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) २०० एमएम फोकल लेंग्थला १/२०० सेकंदाचा शटर हवा असा जुना नियम, क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) साधारण १/३००. तीन स्टॉपचा फायदा मिळाला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) तर तोच १/२०० थेट १/२५ पर्यंत खाली येतो, म्हणजे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे येतात) ३२०० च्या जागी ४०० वर काम भागतं. देवळातलं कोरीवकाम, म्युझियम, संध्याकाळचा डोंगर, जिथे ट्रायपॉड लावू देत नाहीत किंवा वाहून न्यायचा कंटाळा येतो तिथे हे सोनं आहे. पण त्याच १/२५ ला नाचणारी पोरं काढा, मागची भिंत एकदम शार्प आणि पोरं पुसलेली! तिथे १/५०० लागतो, आणि तो मिळवायला जास्त प्रकाश आत घेणारी एफ/२.८ वाली लेन्स कामाची, स्टॅबिलायझेशन नाही.

म्हणून २४ किंवा ३५ एमएमच्या प्राइमसाठी (झूम नसलेल्या लेन्ससाठी) मी यावर जास्त पैसे घालणार नाही. २०० च्या पुढे मात्र डोळे झाकून घेईन, कारण डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधलंच चित्र स्थिर होतं आणि पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस पॉइंट धरून ठेवता येतो, मग शटर कितीही फास्ट असो. वजनाची भीती उगाच घालतात, कॅननची ७०-२०० एफ/४ एल (१९९९) ७०५ ग्रॅमची आणि २००६ ची आयएसवाली ७६० ग्रॅमची, ५५ ग्रॅमनी कुणाचा खांदा उतरत नाही.

कॅमेऱ्याच्या बॉडीतच स्टॅबिलायझेशन असेल (तिथे काचांऐवजी सेन्सरच सरकतो) तर प्रश्न बराचसा सुटतो, साध्या जुन्या लेन्सलाही फायदा मिळतो. फक्त फोकल लेंग्थ वाढत गेली की तेवढ्याच थरथरीसाठी सेन्सरला जास्त सरकावं लागतं आणि त्याला जागा असते मोजकी, त्यामुळे लांब टेलीला (दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सला) लेन्समधलंच बरं पडतं.

आणि हो, कंपनीने छापलेले चार-पाच स्टॉप टेस्टमधले असतात, धाप लागलेली असताना किंवा वाऱ्यात उभं राहून तेवढे मिळतीलच असं धरून चालू नका, मी मनात एक-दोन कमीच धरते. शटरचं बटण अर्धं दाबून चित्र थांबेपर्यंत क्षणभर थांबायचं, मग क्लिक. ट्रायपॉडवर जुन्या लेन्सचं स्टॅबिलायझेशनचं स्विच बंद करायचं, नाहीतर ती नसलेली थरथर शोधत बसते.

सेकंडहँड घेणार असाल तर विकणाऱ्यासमोरच पूर्ण झूम करून बटण अर्धं दाबून बघा. बारीक घुर्रर्र आवाज आला तर काळजी नको, तो असतोच, पण चित्र उड्या मारायला लागलं तर लेन्स तिथेच ठेवून निघा.