अकरा फायली आणि किराण्याची यादी

टिळक रोडच्या मागच्या बोळात माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. निम्मं गिऱ्हाईक 'स्लो झालाय' एवढंच सांगत येतं आणि पंख्यातली धूळ काढली की बरंचसं भागतं. त्या मंगळवारी सदाशिव पेठेतल्या काकू आल्या, त्यांचं तसं नव्हतं. गणिताच्या निवृत्त शिक्षिका. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकल्या आणि आजोबांची पत्रं देवनागरीत उतरवायला बसल्या.

"अरे, मी साफसफाई केली आणि माझं कपाटच गेलं."

कपाट म्हणजे डाउनलोड्स फोल्डर. मैत्रीण मजकूर तपासून मेलने परत पाठवायची, काकू तीच फाइल उघडून पुढे लिहायच्या. आमच्या धंद्यात अशा लोकांना हसतात. पण कॉम्प्युटर स्वतःच फाइल तिथे नेऊन टाकतो, मग त्यांनी ती दुसरीकडे का शोधावी? साफसफाईसाठी काकूंनी चालवलेल्या क्लीनर प्रोग्रॅमने मात्र डाउनलोड्सला कचऱ्यात धरलं होतं आणि त्या ओळीपुढची खूण आधीच लावलेली होती.

स्क्रीनवर लाल चौकट आली होती: १,८४७ त्रुटी. दुरुस्तीचे पैसे काकूंनी कार्डाने भरले. मी ती यादी पाहिली. बहुतेक कुकीज, म्हणजे वेबसाइटांनी ठेवलेल्या बारीक नोंदी, आणि उडवलेल्या प्रोग्रॅमच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, राहिलेल्या नोंदी. रजिस्ट्रीत लाखो नोंदी असतात, त्यातल्या हजारभर काढून वेग वाढत नाही. चुकीची एक गेली तर विंडोज उठतच नाही. अशी भीती घालून पैसे मागणारे क्लीनर विंडोजमधलाच मायक्रोसॉफ्टचा अँटिव्हायरस डिफेंडर मार्च २०१८ पासून नको असलेलं सॉफ्टवेअर म्हणून काढतो. काकूंच्या लॅपटॉपवर त्याने काहीच केलं नव्हतं. क्रॅक केलेलं ऑफिस बसवताना कुण्या भल्या माणसाने अख्ख्या सी ड्राइव्हलाच तपासणीतून सूट देऊन ठेवली होती. पाचशे रुपयांत फॉरमॅट मारणाऱ्यांची ही खोड मला पाठ आहे.

पुसलेल्या फायली शोधणारा रिकव्हरी प्रोग्रॅम लावला. सगळी नावं आली. 'पत्र ७ दुरुस्त', 'पत्र १२ शेवटचं', 'पत्र १२ खरंच शेवटचं'. आकारही बरोबर. काकूंचा चेहरा उजळला. मी एक फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडली, त्यात फाइलमधला एकेक बाइट आकड्यांत दिसतो: शून्य, शून्य, शून्य, तळापर्यंत.

जुन्या हार्ड डिस्कवर फाइल पुसली की फक्त अनुक्रमणिकेतली नोंद जाते, पान तसंच राहतं. त्यावर दुसरं काही लिहिलं जायच्या आत गाठलं तर परत मिळतं. एसएसडीला, म्हणजे चिपवाल्या नव्या ड्राइव्हला, मात्र विंडोज लगेच 'ट्रिम'चा निरोप पाठवतं: ही जागा आता नको. मग ड्राइव्ह सवडीने ती खरोखरच मोकळी करते. ही एसएसडी गेल्या वर्षी मीच बसवली. जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन केली, डिफेंडरची सूटसुद्धा. चाळीस सेकंदांत चालू होतो म्हणून काकूंसमोर मिरवलोही होतो. बॅकअपचं विचारलं नाही.

मग डोकं चाललं. मैत्रिणीशी देवाणघेवाण मेलवरच होती ना! पाठवलेल्या आणि आलेल्या मेलांतून जोडपत्रं शोधत दोघं रात्री नऊपर्यंत बसलो. एकोणीसपैकी अकरा पत्रं मिळाली, त्यातली काही कच्ची. उरलेली आठ मैत्रिणीकडे अजून गेलीच नव्हती.

शिवाय एक नोटपॅडची फाइल अख्खी निघाली. साधारण सातशे बाइटांच्या आतली फाइल एनटीएफएस, म्हणजे विंडोजची फायली मांडायची पद्धत, वेगळ्या जागी ठेवत नाही, अनुक्रमणिकेतल्या नोंदीतच ठेवते, म्हणून ती ट्रिममधून वाचली. आत काय, तर किराणा: तूरडाळ, गूळ, पोहे जाड. काकू हसल्या. मला हसू येईना.

निघताना म्हणाल्या, "त्या १,८४७ चुका तरी गेल्या का रे?"

मी नुसतीच मान हलवली. दारातून वळल्या. "आणि ती जुनी डिस्क असेल तुझ्याकडे, तर तीच परत बसव. हळू चालली तरी चालेल."

डिस्क माझ्या खणात आहे. तिच्यावरच्या खराब सेक्टर्समुळेच, म्हणजे वाचता न येणाऱ्या जागांमुळेच, ती काढली होती. काकूंना काय सांगायचं, ते अजून ठरत नाहीये.