गोठ्याचं लायसन्स आणि गावठाणाचा सातबारा

दोन गाई आहेत आमच्या, गोठा घरामागेच, आजोबांच्या वेळचा. गाव महापालिकेत गेलं, शेजारी टॉवर झाला, मग वास येतो म्हणून तक्रार आणि लगेच नोटीस, लायसन्स दाखवा. कायदा आहे खरा, शहरी भागात गुरं पाळण्यावरचा, 1976 चा, म्हणून वाद नाही घातला. पशुवैद्यकीयचं काम पटकन झालं, गाईंच्या कानात 12 आकडी बिल्ले होतेच.

अडलं झोन दाखल्यावर, म्हणजे जागा आराखड्यात कुठल्या झोनमध्ये येते त्याच्या दाखल्यावर. नगररचनाच्या खिडकीवरचा क्लार्क म्हणे सातबारा आणि मोजणी नकाशा जोडा. अहो, सातबारा शेतजमिनीचा, गावठाणातल्या घराला कुठून आणू? "मग प्रॉपर्टी कार्ड द्या." तेही नाही, आमच्या गावठाणाचा सिटी सर्व्हे कधी झालाच नाही, आणि स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजून जी कार्डं वाटली ती ग्रामपंचायतींच्या गावांना, आम्ही तोवर महापालिकेत. एवढं सगळं ऐकून त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवला, सर्व्हे नंबरची चौकट लालेलाल, ती भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना. "सिस्टीम घेत नाही, मी काय करू?" ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घराच्या कर आकारणीचा उतारा, पुढे केला, त्यात चक्क 'घर व गोठा' लिहिलंय, तर म्हणे ग्रामपंचायत आता आहे कुठे. घरपट्टी लावताना मात्र हाच उतारा चालला बरं का!

शेवटी आत जाऊन कनिष्ठ अभियंत्याला गाठलं. त्यांनी विकास आराखड्यावर गावठाणाची हद्द बघितली आणि म्हणाले, तलाठ्याचा (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) मिळकत गावठाणात असल्याचा दाखला आणा, अर्ज हाताने घेतो. बास, एवढंच होतं! हे खिडकीवर सांगायला काय जात होतं?

नमुना 8 ची सही-शिक्क्याची नक्कल आम्हाला क्षेत्रीय कार्यालयात मिळाली, ग्रामपंचायतीचं दप्तर तिकडे गेलंय. शेण रोज उचलणारा खतवाला आधी ठरवा आणि शेणाचा खड्डा रिकामा असतानाचे तारखेसकट फोटो ठेवा, टॉवरवाल्यांची तक्रार त्यावरच मिटली. ज्यांचं रान शेती झोनमध्ये आहे त्यांनी सरळ तिकडेच गोठा बांधावा, झोनची कटकट नाही. आणि हो, कुठलाही कागद दिला की आवकचा शिक्का मारून पोच घ्या, आमचा एक अर्ज "आलाच नाही" झाला होता, पोच दाखवल्यावर तिथल्याच कपाटातून निघाला.

लायसन्स वर्षाचंच आहे. रिन्यूला झोन दाखला मागितला तर हाच परत जोडणार, नवा काढायला त्या खिडकीवर मी जात नसतो.