उष्माघात कक्षातला घामेजलेला पोरगा

मे महिन्यातल्या दुपारी आमच्या ग्रामीण रुग्णालयात तापानं फणफणलेला, बरळणारा माणूस आला की तो उन्हाचाच, असं आम्ही धरून चालतो. वर्धा जिल्ह्यात पारा 45 च्या आसपास असतो, उष्माघात कक्षातला कूलर दिवसभर घरघरत असतो आणि बहुतेकदा हा अंदाज खरा ठरतो. त्या दिवशी साडेतीन वाजता आणलेल्या 23 वर्षांच्या पोराच्या बाबतीत तो निम्माच खरा होता.

चौघांनी हातपाय धरून त्याला आत आणलं. "ऊन लागलं जी साहेब याले," मोठा भाऊ सांगत होता. तळपायांना कांद्याचा रस चोळून झाला होता, वाटेत एका दवाखान्यात तापाचं इंजेक्शनही झालं होतं. त्यात दोन तास गेले. काखेतला ताप 103 निघाला. घामानं निथळणाऱ्या माणसाच्या काखेतल्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, म्हणून गुदद्वारातून मोजला, तर 106.2. नाडी 148, रक्तदाब 170/110.

रक्तदाबाशीच मी थांबलो. उन्हानं कोसळलेल्या माणसाचा रक्तदाब बहुधा खाली असतो, इतका वर नसतो. घामावरून काही ठरवता येत नाही, कारण उन्हात राबून झालेल्या उष्माघातात घाम असू शकतो. पण डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होत्या आणि तो एकसारखा दात खात होता. आपल्याकडे फवारणीच्या विषबाधेची शंका आधी येते, पण त्यात बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला लाळ सुटते. धोतऱ्यात बाहुल्या मोठ्या होतात, मात्र कातडी आणि तोंड कोरडं ठणठणीत पडतं. मोठ्या बाहुल्या, भरपूर घाम, चढलेला रक्तदाब, एवढं एकत्र दिसलं की उत्तेजक अमली पदार्थाचा विचार करायलाच हवा.

भावाला विचारून उपयोग नव्हता. दारूबंदीच्या जिल्ह्यात नातेवाईक दवाखान्यात दारूचंही नाव घेत नाहीत. सोबत आलेला त्याचा मित्र दाराशी उभा होता, त्याला बाजूला घेतलं. "नशा केली का" असं विचारलं की उत्तर "नाही" असंच येतं. म्हणून विचारलं, "लग्नसराईत रात्र-रात्र जागायला तुम्ही काय घेता?" दोघं डीजेच्या गाडीवर कामाला होते. तीन दिवसांत तीन वराती, दुपारच्या उन्हात बॉक्स चढवणं-उतरवणं, झोप जवळजवळ नाही. तो पुटपुटला, "एमडी, साहेब." पोलिसांना कळवणार का, हा त्याचा पुढचा प्रश्न. खोटा दिलासा देऊ नये. विषबाधेची वर्दी द्यावी लागते, पण उपचार तिच्यासाठी थांबत नाहीत, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.

एमडी म्हणजे मेफेड्रोन, असाच एक उत्तेजक अमली पदार्थ. आइस किंवा क्रिस्टल म्हणतात ते मेथॅम्फेटामिन वेगळं, पण कुळी जवळची आणि शरीरावरचे परिणामही तसेच. फरक वेळेचा. मेथचा अंमल आठ-बारा तास, कधी त्याहून जास्त राहतो. एमडीचा दोन-तीन तासांत उतरतो, म्हणून माणूस रात्रभर पुन्हा पुन्हा घेत राहतो, आणि किती घेतलं याचा हिशेब त्यालाही नसतो.

पहिलं काम चौघांना हात सोडायला लावण्याचं. धरून ठेवलेला माणूस झटापट करतो, झटापटीनं स्नायू आणखी तापतात आणि फाटू लागतात. शांत करणारं मिडॅझोलॅम 5 मिलिग्रॅम दंडाच्या स्नायूत दिलं. तो थोडा सैलावल्यावर शीर मिळाली, मग त्याच प्रकारचं लोराझेपाम 2 मिलिग्रॅम शिरेतून आणि दहा मिनिटांनी पुन्हा 2. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र, उशाशी हातानं श्वास द्यायची अंबू बॅग. साखर तपासली, ती ठीक होती. बेभान रुग्णाला देतात ते हॅलोपेरिडॉल देण्याचा मोह अशा वेळी होतो, पण ते पहिलं औषध नाही. त्यानं झटक्याची आणि हृदयाची लय बिघडण्याची भीती वाढते.

तापाचं इंजेक्शन का लागू पडलं नाही? साध्या तापात मेंदूतला तापमानाचा काटाच वर सरकलेला असतो आणि पॅरासिटामॉल तो खाली आणतं. इथे काटा जागेवरच असतो. उष्णता स्नायूंत तयार होत असते आणि बाहेर पडत नसते. ती अंगावरूनच काढावी लागते. कपडे काढले, पाण्यात भिजवलेली चादर टाकली आणि कूलर सरळ अंगावर वळवला. लसीच्या डीप फ्रीजरमधले आइसपॅक फडक्यात गुंडाळून काखेत, जांघेत आणि मानेशी लावले. चाळीस मिनिटांत ताप 102 वर आला, तिथेच ओली चादर काढली. त्यापुढे गार करत राहिलं की अंग गरजेपेक्षा थंड पडतं.

पहिल्या तासात सलाइन एक लिटर. लघवीची नळी घातली, तर कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी आली, म्हणजे स्नायू फाटले होते आणि मूत्रपिंड धोक्यात होतं. ताप उतरल्यावरच त्याला 108 मध्ये चढवलं. आधी गार करायचं, मग हलवायचं. पत्रात औषधांच्या वेळा लिहिल्या आणि "मेफेड्रोन" हे नाव अधोरेखित केलं. तरीही वरच्या ठिकाणी पट्टीवरच्या लघवी तपासणीवर "ड्रग निगेटिव्ह" असा शेरा पडला. ती पट्टी अँफेटामिन शोधते, मेफेड्रोन तिला बहुधा सापडत नाही. अशा शेऱ्यानं घरच्यांचा मित्राच्या सांगण्यावरचा विश्वास उडतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आठवड्यानं भाऊ त्याला घेऊन आला. मूत्रपिंड वाचलं होतं. आधी पोरगा दोन दिवस नुसता झोपला, खा-खा खाल्लं आणि घरच्यांना वाटलं, झालं बरं. मग तो गप्प झाला. अधूनमधून म्हणायचा, घराबाहेर गाडी उभी आहे, मला न्यायला आलेत. आई त्याला बाहेरची बाधा समजून देवऋष्याकडे न्यायच्या तयारीत होती. असे भास बहुतेकांत काही दिवसांत ओसरतात, महिनाभर टिकले तर दुसरा आजार शोधायचा. खरी भीती त्या गप्पपणाची असते, कारण याच दिवसांत जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो. मी त्याला तो सरळ विचारला. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. घरातलं फवारणीचं औषध कुलपात ठेवायला भावाला सांगितलं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दोघांच्या फोनमध्ये टाकून दिला.

अफूच्या व्यसनात ब्युप्रेनॉर्फिन आहे, तशी एमडी किंवा मेथसाठी खात्रीची गोळी नाही. आठवड्याला भेट, झोपेची घडी, पैसे हातात न देणं आणि ती पुडी देणाऱ्या माणसांपासून लांब राहणं, एवढंच हाताशी आहे. परदेशात लघवी स्वच्छ निघाली की छोटं बक्षीस देतात आणि त्याचा गुण येतो. आमच्याकडे योग्य पट्टीच नाही, म्हणून भावानं स्वतःच्या पद्धतीनं सुरू केलंय, आठवडा नीट गेला की मोबाइलचा रिचार्ज.

कायद्याची धास्ती त्याला अजून आहे. फेब्रुवारी 2015 पासून मेफेड्रोन एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आलं. दोन ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण, 50 ग्रॅमच्या वर व्यावसायिक. पण त्याच कायद्याचं कलम 64-अ सांगतं, की सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ही सवलत काढून घेता येते. हे मी भावाला दोनदा वाचून दाखवलं.

तुळशीचं लग्न झालं की डीजेच्या गाड्या पुन्हा निघतील. त्याच्या आदल्या आठवड्यात दोघा भावांना बोलावून ठेवलंय.