रिव्ह्यूअर नंबर दोन आणि आमची गोडी छाटणी

नेदरलँड्सच्या वागेनिंगेनमधला माझा हा तिसरा हिवाळा, आणि पेपरचा निकाल आला तोही नेमका शुक्रवारी संध्याकाळी. मेजर रिव्हिजन, म्हणजे मोठ्या दुरुस्त्या करून परत पाठवा, मुदत ६० दिवस. पेपर आपल्या निफाडकडच्या द्राक्षबागांमधल्या डावणीवर, म्हणजे वेलीवरच्या बुरशीच्या रोगावर. पेपर तपासणाऱ्यांपैकी रिव्ह्यूअर नंबर एक हा भला माणूस, एक ग्राफ मोठा करा म्हणाला आणि सुटला. दोन नंबरने मात्र २१ मुद्दे काढलेत आणि त्यातला चौथा वाचून माझं डोकंच फिरलं: छाटणी एप्रिलमध्ये आणि परत ऑक्टोबरमध्ये? तारखा चुकलेल्या दिसतात, तपासाव्यात.

अहो चुकल्यात कुठे! लगेच उत्तर टाइप करायला बसले, चार ओळी झाल्या, चारही भांडणाच्या. गाईडबाईंनी मागून वाचलं आणि म्हणाल्या, हे आज पाठवायचं नाही, घरी जा.

रात्री एक वाजला तरी झोप नाही म्हणून आप्पांना फोन लावला, तिकडे पहाटेचे साडेपाच, ते फवारणीच्या ब्लोअरच्या टाकीत पाणी भरत होते, आवाज येत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, त्यांच्याकडं थंडीत वेल झोपतो, ते तेव्हा एकदाच छाटणार. आपला झोपतोय कुठं? तू हे लिहिलंयस का पण?"

उघडून बघितलं. लिहिलं होतं एवढंच, की छाटणी एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये झाली, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर ४० व्या दिवशी पानं गोळा केली. बास. आमच्या घरात नोव्हेंबरात तारीख कुणी सांगतच नाही, छाटणीला किती दिवस झाले तेच सांगतात, मग समजावून लिहायचं सुचणार कसं!

मग अख्खा पॅरा घातला: एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडी तयार होते, काडीवरच्या डोळ्यात सूक्ष्म घडनिर्मिती होते, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर त्याच डोळ्यातून घड बाहेर येतो, आणि नेमकी तेव्हाच कोवळी फूट, परतीचा पाऊस नाहीतर दव, म्हणून डावणी. दिवसांच्या शेजारी बीबीसीएचचे, म्हणजे पिकाच्या वाढीच्या अवस्था मोजायच्या जागतिक पट्टीचे, आकडेही टाकले, आमचा ४० वा दिवस म्हणजे ६५, ऐन फुलोरा. हा मुद्दा दोन नंबरचाच होता आणि बरोबर होता, पोंगा (डोळा नुकताच फुटतानाची अवस्था) म्हटलं की स्पेनमधल्या वाचकाला काय कळणार.

उत्तराच्या फाइलमध्ये प्रत्येक कॉमेंट जशीच्या तशी वर, खाली आपलं उत्तर, आणि बदल कुठल्या ओळीत केला त्याचा नंबर. २१ वेळा आभार मानले, त्यातले पाचेक मनापासून. अजून एका हंगामाचा प्रयोग करा म्हणत होता, त्याला सरळ नाही म्हटलं, कारण दिलं आणि मर्यादांमध्ये एक ओळ वाढवली. तीन पेपर सायट करा म्हणाला, तिन्हींत एक नाव सारखंच, बहुधा त्याचंच! एक कामाचा होता, तो घेतला.

५२ व्या दिवशी सबमिट केलं. सकाळी आप्पांचा व्हॉट्सॲपवर फोटो, पानावर पिवळा तेलकट डाग, खाली मेसेज: "डावणीच ना? का तुझ्या दोन नंबरला विचारू?"

पान उलटं करून फोटो पाठवा म्हटलं, पांढरी बुरशी दिसल्याशिवाय मी पण लिहून देणार नाही.