वाचनालयात गेम ठेवता येतात का?

अनुदानित वाचनालयाने गेमची किंवा सिनेमाची अस्सल डिस्क सभासदाला घरी नेऊ दिली, तर आपल्या कॉपीराइट कायद्यात त्यात काहीही गैर नाही. कार्यकारिणीच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा आमच्या अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं. ‘‘मॅडम, उद्या पोलीस आले तर तुम्हीच बोलायचं हं.’’ म्हटलं, बोलेन की. कलमाची झेरॉक्स काढून फायलीला लावलीय.

विषय निघाला एका देणगीवरून. एक मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला आणि त्याच्या आईने त्याची खोली आवरून गेम आणि डीव्हीडींचं खोकं आमच्या देवघेव काउंटरवर आणून ठेवलं. ‘पुस्तकं घेता तसं हेही घ्या, पोरं तरी येतील वाचनालयात.’ त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बालविभागात हल्ली उन्हाळी सुट्टीतसुद्धा शुकशुकाट असतो.

अध्यक्षांची भीती अगदीच निराधार नाही. पुस्तक एकदा विकलं गेलं की ती प्रत पुढे कोण कुणाला वाचायला देतो यात प्रकाशकाला पडता येत नाही, म्हणून तर वाचनालयं चालतात. सिनेमाचं तसं नव्हतं. प्रत आधी विकली गेलेली असली तरी ती भाड्याने देण्याचा हक्क निर्मात्याकडेच राहायचा. दिल्लीतली एक व्हिडिओ लायब्ररी परदेशातून आणलेल्या डीव्हीडी भाड्याने देत होती. पायरेटेड नव्हे, अस्सल. तरीही २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वॉर्नर ब्रदर्स या अमेरिकी सिनेकंपनीच्या बाजूने निकाल दिला.

मग कॉपीराइट कायद्यात २०१२ ची दुरुस्ती आली. आता सिनेमा, ध्वनिमुद्रण आणि संगणक प्रोग्राम यांच्या बाबतीत प्रत भाड्याने देण्याचा मालकाचा हक्क ‘व्यावसायिक भाड्या’पुरता आहे. आणि कलम २ (एफए) म्हणतं की ना-नफा ग्रंथालयाने किंवा शैक्षणिक संस्थेने रीतसर मिळवलेली प्रत नफ्याचा हेतू न ठेवता दिली, तर ते व्यावसायिक भाडं नव्हेच. ना-नफा ग्रंथालय म्हणजे कुठलं, तर ज्याला सरकारी अनुदान मिळतं किंवा आयकरातून सूट आहे ते. आमचं वाचनालय ‘ब’ वर्गातलं. अनुदान उशिरा येतं, तुटपुंजं येतं, पण येतं. त्या तुटपुंज्या रकमेचा असाही उपयोग होईल हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बाजारपेठेत तासावर गेम देणाऱ्या दुकानदाराला मात्र ही सवलत नाही.

‘रीतसर मिळवलेली’ हे शब्द महत्त्वाचे. खोक्यातल्या मार्करने नावं लिहिलेल्या डिस्क मी त्याच दिवशी बाद केल्या.

खरी गंमत उरलेल्या बॉक्समध्ये होती. बाहेरून सगळे सारखे. तेच प्लास्टिक, तेच चकचकीत चित्र, मागे बारकोड. प्लेस्टेशनच्या बॉक्समध्ये डिस्क निघाली. कॉम्प्युटरच्या एका गेममध्येही निघाली, पण आमच्या ओंकारने ती घरी लावून बघितली तर तिने ‘की’ म्हणजे गेम सुरू करायचा कोड मागितला, आणि तो त्या मुलाच्या अकाउंटला केव्हाच जोडला गेलेला. तिसऱ्यात डिस्कच नव्हती. डिस्क बसवायच्या गोल खाचेवर कोड छापलेला कागद, बस. तोही वापरलेला.

म्हणजे कायदा म्हणतो, प्रत द्या. आणि द्यायला प्रतच नाही. गेम डाउनलोड करताना आपण न वाचता ‘आय अ‍ॅग्री’ दाबतो, त्यात लिहिलेलं असतं की हा फक्त वापराचा परवाना आहे, दुसऱ्याला देता येणार नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून हे गिऱ्हाइकाला विकतानाच स्पष्ट सांगावं लागतं. आपल्याकडेही सांगायला हवं. निन्टेन्डो या गेम कंपनीने २०२५ मध्ये डिजिटल गेम उसना देण्याची सोय काढली, मुदत दोन आठवडे, जवळपास आमच्या पुस्तकाइतकीच! पण ती कुटुंबाच्या गटापुरती. वाचनालय कुणाच्या कुटुंबात बसणार?

ओंकार हुशार आहे. म्हणाला, ‘‘मॅडम, आपल्या डिस्कची कॉपी सर्व्हरवर ठेवू, डिस्क कपाटात कुलूपबंद, आणि एका वेळी एकालाच ऑनलाइन द्यायची. मग झालं?’’

नेमकं हेच इंटरनेट आर्काइव्ह हे ऑनलाइन ग्रंथालय अमेरिकेत पुस्तकांचं करत होतं. छापील प्रत ताब्यात, तिचं स्कॅन एका वेळी एकाच वाचकाला. कोविडमध्ये मार्च २०२० ला त्यांनी एकाला एक ही मर्यादा उठवली आणि जूनमध्ये अ‍ॅशेत, हार्परकॉलिन्स, पेंग्विन रँडम हाऊस आणि वायली या चार प्रकाशकांनी १२७ पुस्तकांवरून दावा ठोकला. मर्यादा उठवल्याचा राग मी समजू शकते. आपल्याकडे हजाराची आवृत्ती खपता खपत नाही आणि त्याच पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, तेव्हा प्रकाशकाच्या पोटात काय होतं ते मी पाहिलंय. पण २०२३ चा निकाल आणि सप्टेंबर २०२४ चा अपिलातला निकाल तेवढ्यावर थांबले नाहीत. एका वेळी एकालाच दिलं तरी ती नवी प्रतच, परवानगीशिवाय चालणार नाही, असं ठरलं. पाच लाखांच्या आसपास पुस्तकं तिथून उसनी मिळायची बंद झाली. हे मला पटत नाही. युरोपच्या न्यायालयाने २०१६ मध्ये ‘एक प्रत, एक वाचक’ असं ई-पुस्तक देणं ग्रंथालयाच्या नेहमीच्या कामात धरता येईल असं म्हटलं होतं. तिथे लेखकाला मोबदला देऊन हे जमतं.

अमेरिकेतला निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण आपला कायदा ओंकारच्या बाजूने आहे असंही नाही. कलम ५२ मध्ये ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडे बिगर-डिजिटल प्रत असलेल्या साहित्याची डिजिटल प्रत जतनासाठी साठवायची मुभा आहे. साठवायची. वाटायची नाही. आणि गेम जतन व्हायला हवेतच. २०२३ मध्ये गेमचा इतिहास जपणाऱ्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने मोजलं तर अमेरिकेत २०१० च्या आधीचे ८७ टक्के गेम बाजारात मिळतच नव्हते. तरी जतन केलेले गेम संशोधकांना घरबसल्या उघडू देण्याची मागणी तिथल्या कॉपीराइट ऑफिसने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली.

तेव्हा ओंकारचा सर्व्हर राहिला बाजूला. प्लेस्टेशनच्या डिस्क आणि सिनेमे दाखल नोंदवहीत चढवले, प्रत्येकाला दाखल क्रमांक दिला, वयाची अट कव्हरवर छापलेली तीच ठेवली. वेगळी वर्गणी नाही, फक्त अनामत, तीही परत मिळणारी. पैशाचा संबंध जितका कमी तितकं बरं. तुमच्या वाचनालयाला अशी देणगी आली तर पावती फाडण्याआधी प्रत्येक बॉक्स उघडून बघा.

फुटबॉलचा गेम पहिल्याच आठवड्यात अध्यक्षांच्या नातवाने नेला. मुदत उलटून गेलीय, स्मरणपत्र पाठवलंय.