स्लाइडवरचा ओबेलिया

नऊ दिवस झाले, झोआ उघडले नव्हते. झोआ म्हणजे झोअँथिड, शर्टाच्या बटणाएवढे मऊ प्रवाळ. टाकीचा दिवा लागला की अर्ध्या-पाऊण तासात ते फुलतात आणि तो कोपरा झेंडूच्या वाफ्यासारखा हिरवा-केशरी होतो. लॅबचं कुलूप काढलं की मी पर्स ठेवायच्या आधी तिकडे बघते. नऊ दिवस नुसत्या मिटलेल्या मुठी दिसत होत्या.

पाणी दोनदा तपासलं. घनता १.०२५, तापमान २६ अंश, पीएच ८.२. सगळं जागच्या जागी होतं. तिसऱ्या दिवशी झोआंच्या बुडाशी मला करड्या रंगाची लव दिसली होती. शेवाळ असेल असं समजून मी जुन्या टूथब्रशने ती घासून काढली होती. त्या घासण्याने काय झालं ते पुढे कळलं.

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. हा पूर्णेचा खारपाणपट्टा. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहा नासतो. त्यामुळे लॅबमध्ये समुद्राची टाकी आली तेव्हा जो आला त्याने हेच विचारलं, "मॅडम, पाणी आपल्या बोअरचंच टाकलं न?" मी प्रत्येकाला समजावून सांगायची. आपलं पाणी जिभेला खारट आहे, पण समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांचं आपसातलं प्रमाणही ठरलेलं असतं. म्हणून आधी आरओ लावून आपलं खारं काढायचं आणि मग त्यात समुद्राचं मीठ मोजून घालायचं. टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, काठोकाठ भरली तर १९० लिटरची. पहिल्यांदा भरताना साडेसहा किलोच्या वर मीठ लागलं.

विच्छेदन बंद झाल्यापासून आमच्या मुलांच्या हाताला खरा प्राणी लागतच नाही. मुंबई इथून रस्त्याने सहाशे किलोमीटरच्या आसपास, वर्गातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. आणि अभ्यासक्रमाचा पहिला निम्मा भाग समुद्रातच राहतो! टाकी त्यासाठी. तिच्यात दगडी प्रवाळ नाहीत. ते सगळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि हे मी दर वर्षी पहिल्याच तासाला सांगते. आमच्याकडे दोन क्लाउनफिश, काही झोआ, मशरूम प्रवाळ, हाताची मूठ उघडमीट करावी तशी हलणारी झेनिया, गोगलगायी आणि दगडांच्या फटींतून पंखे काढणारे नळीकृमी.

मार्च संपत आला होता, बाहेर पारा चाळिशीला टेकलेला. प्रात्यक्षिक परीक्षेआधीची उजळणी चालू होती. सूक्ष्मदर्शकाखाली ओबेलिया या समुद्री प्राण्याची स्लाइड लावलेली होती, बोरॅक्स कार्माइनने रंगवलेली आणि वर्षानुवर्षं वापरून फिकट गुलाबी झालेली. विदर्भात काय आणि कोकणात काय, बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाने ही आकृती काढलेली असते. जमिनीलगत सरपटणारी मुळी, तिच्यावर उभे देठ, देठावर पेल्यात बसलेले पॉलिप, म्हणजे तोंडाभोवती बोटं असलेले इवले जीव. मीही ती काढली, पुढे वीस वर्षं फळ्यावर काढली. जिवंत ओबेलिया मी कधीच पाहिला नव्हता.

स्लाइडसाठी रांग होती. एक मुलगी रांग सोडून हातातलं भिंग घेऊन टाकीशी उभी होती. तिला हाक मारली तर ती तिथूनच म्हणाली, "मॅडम, तुम्ही म्हणता ते शेवाळ नाही वाटत. हालून राह्यलं हे."

"पंपाच्या प्रवाहाने हलत असेल गं."

"नाही न मॅडम. पकडून राह्यलं."

मी पंप बंद केला. भिंगातून पाहिलं. करड्या लवेतला प्रत्येक धागा देठ होता आणि प्रत्येक देठाच्या टोकाला दोन मिलिमीटरचंही नसेल असं पारदर्शक फूल. सकाळी मी माशांचं खाणं म्हणून आर्टेमियाची, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक जीवांची, पिल्लं सोडली होती. त्यातलं एक केशरी ठिपक्यासारखं पोहत आलं, फुलाच्या एका बोटाला लागलं आणि तिथेच थांबलं. बाकीची बोटं त्याच्यावर वळली. पेल्यात केशरी ठिपका आत जाताना दिसला.

चिमट्याने एक देठ तोडून वॉचग्लासमध्ये घेतला आणि स्लाइड काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. माझे हात कापत होते हे मुलांनी पाहिलं. काचेसारखा पेला, धक्का लागला की त्यात मिटून बसणारा पॉलिप, देठावर कंकणासारख्या वळ्या, आणि खालच्या बाजूला फुगीर कुपी, तिच्यात एकावर एक रचलेल्या चकत्या. मी फळ्यावर काढते ते सगळं. जात ओबेलियाच आहे असं छातीठोक सांगणार नाही, त्या कुळातले अनेक जण एकमेकांसारखे दिसतात. पण कूळ तेच. हायड्रॉइड, दगडाला चिकटून वाढणारे असे देठवाले प्राणी.

सगळ्यांनी पाहून झाल्यावर मी पुन्हा टाकीकडे गेले. आता मात्र शिक्षिकेच्या नाही, टाकी सांभाळणारीच्या डोळ्यांनी. झोआंच्या बुडाशी, मागच्या दोन दगडांवर, पंपाच्या जाळीवर, सगळीकडे लव होती. या प्राण्यांच्या बोटांवर दंशपेशी असतात. शेततळ्यातल्या हायड्राच्या, पावसाळ्यात जुहूला वाळूवर येणाऱ्या निळ्या ब्लू बॉटलच्या असतात तशाच. झोआंना दिवसरात्र ते दंश बसत होते म्हणून ते मिटून होते. झोआ ज्या छोट्या दगडी गोटीवर बसवलेले होते, बहुधा तिलाच चिकटून हे आले असणार. मी क्लाउनफिशसाठी रोज आर्टेमिया सोडत होते, त्यातलं निम्मं यांनीच खाल्लं आणि पसरले. आणि माझा टूथब्रश! हराळी नांगराने तोडली की जेवढे तुकडे तेवढ्या जागी ती पुन्हा फुटते. हायड्रॉइडच्या सरपटणाऱ्या मुळीचंही तसंच. मी ती टाकीतच घासली आणि पंपाने तुकडे टाकीभर नेऊन लावले.

मी हे बोलत असताना लॅबमधले काका मागच्या खोलीत गेले होते. ते परत आले ते वाफाळतं पातेलं घेऊन. "पाणी उकळलं मॅडम. गोटे काढतो, वरून टाकतो. मरून जाईन सगळं."

आयुष्यात मी लॅबमध्ये इतक्या मोठ्याने ओरडले नसेन. काका जागीच थांबले. त्यांचा हेतू चांगला होता आणि पातेलं खाली ठेवून मी त्यांची माफी मागितली. मग का ओरडले ते सगळ्यांनाच सांगितलं. काही झोआंमध्ये आणि त्यांच्या जवळच्या नात्यातल्या पॅलिथोआत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. हवाईतल्या संशोधकांनी १९७१ मध्ये ते वेगळं काढलं, आणि जगातल्या सगळ्यात जहाल नैसर्गिक विषांत त्याची गणना होते. असा दगड उकळला की विष वाफेबरोबर हवेत जातं. घरी दगड उकळल्यामुळे अख्खी कुटुंबं ताप आणि धाप घेऊन इस्पितळात गेली आहेत. आमच्या झोआंत ते किती आहे, मला माहीत नाही. वीस मुलं, दोन खिडक्या आणि एक पंखा असलेल्या खोलीत ते शोधायचंही नव्हतं.

"मग औषध नाही काय?" काकांनी विचारलं.

औषध होतं. नाव सांगितलं, फेनबेंडाझोल, आणि भिंगवाली मुलगी लगेच म्हणाली, "हे तं आमच्या बकऱ्यायले पाजतो न मॅडम, जंताचं. घरी डबा आहे, उद्या आणू काय?" तिचे वडील शेळ्या पाळतात. हेच ते औषध. जंताच्या पेशींचा आतला सांगाडा ज्या सूक्ष्म नळ्यांनी बनतो, त्या नळ्या ते जुळू देत नाही. हायड्रॉइडही त्याने मरतात. पण त्याला हायड्रॉइड आणि नळीकृमी यांतला फरक कळत नाही. नळीकृमी जातील, गोगलगायी जातील, झेनिया बहुतेक वितळेल. शिवाय ते सच्छिद्र दगडात मुरतं आणि पुढे आणलेल्या गोगलगायींनाही भोवतं. मी नको म्हटलं. तिचा चेहरा उतरला, म्हणून तिला ही सगळी कारणं पुन्हा एकदा, एकेक करून सांगितली. तिने नुसतं ऐकलं नाही, वहीत लिहून घेतलं. हायड्रॉइड खाणारा कोणी नाही का, हेही तिनेच विचारलं. काही समुद्री गोगलगायी खातात, पण खाणं संपलं की त्या उपाशी मरतात.

शेवटी कामी आला तो चुना. काकांनी खिशातली डबी पुढे केली. ती मी घेतली नाही, कारण तंबाखूच्या चुन्यात आणखी काय असतं याची खात्री देता येत नाही. रसायनशास्त्र विभागातून शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणलं, त्यात थोडं आरओचं पाणी घालून दह्यापेक्षा घट्ट लगदा केला आणि सुई काढलेल्या सिरिंजमध्ये भरला. पंप बंद. मग मागच्या दगडांच्या ज्या फटी बाहेर काढता येत नव्हत्या, तिथल्या एकेका पुंजक्यावर तो बसवला. चुन्याचा पीएच बाराच्या वर असतो, त्यात दंशपेशी काय आणि पॉलिप काय, सगळं जळतं. तसाच तो सगळ्या टाकीचा पीएचही चढवतो, म्हणून एका दिवशी चार-पाच मिलिलिटरच्या वर जायचं नाही. काका दर दहा मिनिटांनी पीएच मोजून पाटीवर लिहीत होते. ८.४ ला आम्ही थांबलो.

जे सुटे दोन दगड होते ते सरळ बाहेर काढून महाविद्यालयाच्या गच्चीवर उन्हात टाकले. विदर्भातलं एप्रिल-मेचं ऊन पुढे असताना दुसरं काही करायची गरजच नाही. झोआंचं काम सगळ्यात नाजूक होतं आणि ते मी कोणाला करू दिलं नाही. हातमोजे, चश्मा, मुलं बाहेर, टाकीचंच पाणी घेतलेली बादली. पाण्याखालीच ब्लेडने झोआंची साय जुन्या गोटीपासून सोडवली आणि नव्या गोटीवर जेल गोंदाने बसवली. जुनी गोटी चुन्यात बुडवून मग फेकली. संध्याकाळचे सात वाजले. एसटी गेली होती. काकांनी त्यांच्या गाडीवर मला घरी सोडलं आणि वाटेत फक्त एवढंच म्हणाले, "वाफेचं ते आधी सांगून ठेवाले पाह्यजे होतं मॅडम." बरोबर होतं त्यांचं. आता तो कागद टाकीवर चिकटवलेला आहे, मोठ्या अक्षरांत.

वॉचग्लासमधला देठ मात्र मी मारला नव्हता. एका बीकरमध्ये समुद्राच्या पाण्यात झाकून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बीकर उजेडासमोर धरला तर पाण्यात काहीतरी लुकलुकत होतं. कुपीतल्या चकत्या बाहेर पडल्या होत्या. मिलिमीटरपेक्षाही लहान छत्र्या, कडेला बारीक झालर, झटक्याझटक्याने वर जाणाऱ्या आणि मग थांबून खाली तरंगत येणाऱ्या. मेड्युसा. एकाच प्राण्याचं एक रूप दगडाला चिकटून राहणारं आणि दुसरं पोहणारं, हे मी वीस वर्षं तोंडाने सांगत आले. मी बीकर घेऊन वर्गात गेले आणि त्या दिवशी काही शिकवलं नाही. मुलांनी आळीपाळीने पाहिलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो कधी बोलत नाही, दोनदा रांगेत लागला.

तास संपल्यावर त्यांचं काय करायचं हे ठरलेलंच होतं. टाकीत एकही थेंब परत जाणार नव्हता. भिंगवाली मुलगी बीकरजवळ थांबली होती. "एक ठेवू न मॅडम?" तिने विचारलं. तो देठ आणि चार मेड्युसा आम्ही फॉर्मॅलिनमध्ये घेतले, उरलेल्या पाण्यात गरम पाणी ओतलं. पुढच्या आठवड्यात तिने माझ्यासमोर बसून ते रंगवले आणि स्लाइड केली. लेबलवर स्थळ लिहायचं असतं. तिने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. दर्यापूर लिही, म्हटलं.

झोआ बाराव्या दिवशी अर्धे उघडले, विसाव्या दिवशी सगळे. आर्टेमिया आता आठवड्यातून एकदाच, तेही मासे खातील तेवढंच. सोमवारी सकाळी पंप बंद करून मी आणि काका भिंगाने टाकी बघतो. गेल्या सोमवारी मागच्या डाव्या कोपऱ्यात तीन देठ सापडले. सिरिंज भरलेलीच होती.