नोंद ४: एक घर सरकलेला गोळा

मागच्या नोंदीत मी मिरवलं होतं, की घनातल्या उष्णतेचं चित्र एकदाचं पॅराव्ह्यूत (आकड्यांची त्रिमितीय चित्रं दाखवणाऱ्या प्रोग्रामात) उमटलं. ते शब्द परत घेतो. चित्र देखणं होतं, पण चुकीचं होतं.

फोर्ट्रान भाषेतला माझा प्रोग्राम १२८ × १२८ × १२८ च्या ग्रिडवर उष्णता पसरवतो आणि दर टप्प्याला सिंगल प्रिसिजनची (दर आकड्याला ४ बाइट) एक बायनरी फाइल लिहितो. मधोमध तापलेला गोळा, सहाही भिंतींवर तापमान शून्य. पॅराव्ह्यूत इमेज रीडर घेतला, प्रकार फ्लोट (दशांश आकडा), बाइट ऑर्डर लिटल एंडियन (सर्वांत कमी किमतीचा बाइट आधी), तिन्ही दिशांना एक्स्टेंट (घरांचे क्रमांक) ० ते १२७. गोळा दिसला, मी खूश.

पाल चुकचुकली ती सर्वांत गरम बिंदू शोधताना. प्रोग्रामात तो (६४, ६४, ६४) वर आहे. फोर्ट्रानचा ॲरे १ पासून मोजतो, पॅराव्ह्यू ० पासून, म्हणजे (६३, ६३, ६३) यायला हवा. आला (६२, ६३, ६३). आधी वाटलं, मोजणीचाच घोळ. पण तसं असतं तर तिन्ही आकडे सारखे घसरले असते. एकटा एक्सच का?

फाइलचा आकार मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला (हे आधीच करायला हवं होतं, बोला काय बोलायचं ते). हिशेबाने ८३,८८,६०८ बाइट हवेत, होते ८३,८८,६१६. आठ जास्त.

मग मुद्दाम एक वेडीवाकडी चाचणी-फाइल केली: ५ × ७ × ११, तिन्ही बाजू वेगवेगळ्या, म्हणजे अक्षांची अदलाबदल लगेच उघडी पडते. प्रत्येक घरात आय + १०० जे + १०,००० के, मोजणी शून्यापासून. घरातला आकडाच त्या घराचा पत्ता. हेक्स डम्पची (फाइलमधले बाइट जसेच्या तसे, सोळाच्या पायात) सुरुवात अशी:

०४ ०६ ०० ०० | ०० ०० ०० ०० | ०० ०० ८० ३एफ

तिसरा गट म्हणजे १.०, दुसरा म्हणजे ०.०. आणि पहिला? पूर्णांक म्हणून वाचला तर १५४०. ३८५ आकडे गुणिले ४ बाइट, बरोबर तेवढेच! फोर्ट्रानची अनफॉरमॅटेड सिक्वेन्शियल फाइल प्रत्येक रेकॉर्डच्या (एका वेळी लिहिलेल्या डेटाच्या) आधी आणि नंतर त्याची लांबी लिहून ठेवते. माझ्या कंपायलरवर ती दोन्हीकडे चार-चार बाइटची.

खरी गंमत पुढेच. हेडर (खऱ्या डेटाआधीचे बाइट) किती हे सांगितलं नसेल, तर रीडर फाइलच्या आकारातून डेटाचा आकार वजा करतो आणि उरलेलं सगळं सुरुवातीचं हेडर समजतो. चारऐवजी आठ बाइट सोडले, म्हणजे पहिला खरा आकडा गिळला. स्प्रेडशीट व्ह्यूत पहिली ओळ ०, १, २, ३, ४ ऐवजी १, २, ३, ४, १०० अशी आली. शेवटच्या घरात मागची लांबीची खूण फ्लोट म्हणून बसली: २.१५८ गुणिले १० चा उणे ४२ वा घात. असला आकडा डेटा रेंजमध्ये दिसला की आधी खुणांवर संशय घ्या.

माझ्या घनात हे लपलं, कारण भिंतीवर सगळीकडे शून्यच. एका ओळीचं पहिलं घर आधीच्या ओळीच्या शेवटी गेलं तरी शून्याच्या जागी शून्यच आलं. डबल प्रिसिजन ठेवलं असतं तर आठ बाइटचे आकडे मधोमध चिरले जाऊन पडद्यावर नुसता कचरा आला असता आणि मी पहिल्याच संध्याकाळी शहाणा झालो असतो. जागा वाचवायला सिंगल केलं, ते असं अंगाशी आलं.

प्रोग्रामात फाइल उघडणाऱ्या ओपनमध्ये ॲक्सेस स्ट्रीम केलं (फोर्ट्रान २००३ पासूनची सोय), खुणा गेल्या, फाइल बरोबर १५४० बाइटची झाली आणि पहिली ओळ शून्यापासून सुरू झाली. जुन्या फाइली पुन्हा चालवून काढण्यात दोन रात्री गेल्या असत्या, म्हणून त्यांच्यासाठी एक्सडीएमएफची (बायनरी फाइल कशी वाचायची हे पॅराव्ह्यूला सांगणारी) छोटी मजकूर-फाइल लिहिली: फॉरमॅट बायनरी, एंडियन लिटल, प्रिसिजन ४, सीक ४ (सुरुवातीचे चार बाइट सोड). त्यात डायमेन्शन्स झेड, वाय, एक्स अशा उलट क्रमाने द्याव्या लागतात. चाचणी-फाइलसाठी मी ५ ७ ११ लिहिलं आणि ठोकळा लगेच विस्कटला. ११ ७ ५ केल्यावर जागेवर आला.

गरम बिंदू आता (६३, ६३, ६३) वर आहे. पुढच्या नोंदीत सगळे टप्पे एकाच एक्सडीएमएफमध्ये ओवायचे आहेत.